तांबड्या तोंडाचा ड्रायव्हर

"गाडी थांबवा! मी म्हणतो, आत्ताच्या आत्ता थांबवा!"

पहिल्या बाकावरचे काळ्या टोपीचे गृहस्थ उठून उभे राहिले होते. महाबळेश्वराहून पोलादपूरकडे उतरणारी सर्व्हिस गाडी अर्ध्या घाटात आली होती. महिपतीने पुढचे वळण काढले, रस्ता जरा रुंद झाला तिथे डोंगराच्या कडेला गाडी घेतली आणि हँडब्रेक ओढला.

"काय झालं सायेब?"

"काय झालं ते मलाच विचारतोस? तोंड बघ आरशात. डोळे बघ कसे लाल झालेत! मघापासून बघतोय, सारखं कपाळ दाबतो आहेस. दारूबंदी आहे ना या राज्यात? की घाटात ती लागू नाही?"

मागच्या बाकांवर कुजबूज सुरू झाली. एका बाईने मूल छातीशी घट्ट धरले. कंडक्टर कुशाबा तिकिटांची पेटी काखेत धरून वाट काढत पुढे आला.

"सायेब, ह्यो मानूस तंबाकूबी खात नाय. आठ वर्सं मी ह्याच्यासंगं गाडीवर हाय. त्याचा रंगच तसा हाय."

"रंग? माणसाचा असा रंग असतो?"

भांडायला अंगात जोर लागतो, आणि तो महिपतीकडे उरला नव्हता. तो खाली उतरला. रेडिएटरसाठी ठेवलेला पाण्याचा डबा काढला, दगडावर बसून वहाणा काढल्या आणि ते गार पाणी आपल्या दोन्ही पावलांवर ओतले. तळपाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळत होते. पाणी पडले तसा त्याने डोळे मिटून श्वास सोडला. भर गाडीसमोर पायांवर पाणी ओतत बसलेला ड्रायव्हर पाहिल्यावर टोपीवाल्या गृहस्थांची उरलीसुरली शंकाही फिटली. महाडला उतरल्या उतरल्या ते तडक गाडीचा मालक मुरारीशेठ याच्या पेढीवर गेले.

महिपती पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. लढाईच्या काळात पलटणीत जाऊन मोटार चालवायला शिकला, ब्रह्मदेशाच्या चिखलातून लष्कराचे ट्रक काढले, आणि परत आल्यावर मुरारीशेठच्या गाडीवर बसला. वय सेहेचाळीस. गेल्या दोन वर्षांत त्याच्या तोंडावर लाली चढत गेली होती. पहिल्यांदा लोकांना कौतुक वाटले. वाडीतली माणसे हिवतापाने पिवळी पडलेली, आणि त्यांच्यात हा टोमॅटोसारखा. "शेठ काय तूप पाजतो काय रं?" असे लोक विचारत, आणि तोही हसे. मग हळूहळू डोके जड राहू लागले. ऊन पाण्याने आंघोळ केली की अंगभर अशी खाज सुटे, की भिंतीला पाठ घासत राहावे. म्हणून त्याने ऊन पाणी सोडले. दोन घास खाल्ले की डाव्या कुशीत दगड ठेवल्यासारखे वाटे. आणि थकवा तर असा, की सकाळी उठतानाच वाटावे, आपण रात्रभर कुणाची ओझी वाहिली.

दारूचे म्हणाल, तर त्याच्या बापाला दारूने खाल्ले होते. पलटणीत मिळणारा रमचा वाटा महिपती दुसऱ्यांना देई आणि बदल्यात साबण घेई. बनुबाईशी लग्न ठरले तेव्हा तिच्या भावाने एकच गोष्ट विचारली होती, दारू पिणार नाहीस ना, आणि महिपतीने तसा शब्द दिला होता. पुढे बनुबाईने सासऱ्याच्या शेवटच्या दिवसांत त्याची घाण काढली. त्या शब्दाची किंमत तिला चांगली ठाऊक होती.

मुरारीशेठ वाईट माणूस नव्हता. त्याने पेढीवरची माणसे बाहेर घालवली आणि महिपतीला समोर बसवले.

"हे तिसरे गृहस्थ. दिवाळीपासून तिसरे. मी दोघांना वाटेला लावलं. आता मला खरं सांग."

"मी घेत नाय शेठ."

"हे बघ, घेत असशील तर सांग. महिनाभर घरी बस, विरेश्वरापुढे नारळ ठेव आणि सोड. गाडी परत तुझ्या हातात देतो. माणूस चुकतो. पण खोटं बोलशील, तर मला तू नको."

"घेतच नाय तर सोडू काय?"

शेठने त्याच्या लाल तोंडाकडे पाहिले. "मग चौबळ डॉक्टरांकडे जा आणि तसा कागद आण. कागद येईपर्यंत गाडी सयाजी चालवील."

चौबळ डॉक्टरांचा दवाखाना चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. म्हातारा माणूस, बोलायला तुसडा, पण हात सावकाश चालणारा. त्यांनी आधी महिपतीच्या तोंडाचा वास घेतला. मग डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, जीभ पाहिली, टेबलावर निजवून डाव्या बरगडीखाली बोटे रुतवली आणि तिथेच थांबले.

"हे किती दिवस आहे?"

"काय?"

"पानथरी, म्हणजे प्लीहा. वाढून बेंबीपर्यंत आलीय." मग त्यांनी त्याच्या बोटाला सुई टोचली. रक्ताचा थेंब आला तो काळपट आणि जाड, काकवीसारखा. काचेवर ओघळायलाही तयार होईना. डॉक्टरांनी तो कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, कागदावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले.

"दारू पीत नाहीस तू," शेवटी ते म्हणाले.

"त्येवढंच लिवून द्या."

"तेवढंच नाही ना. आठ दिवसांनी ये. ही काच मी मुंबईला माझ्या गुरुजींकडे पाठवतोय."

आठ दिवसांनी तो गेला तेव्हा डॉक्टरांच्या टेबलावर मुंबईचे पत्र उघडे पडले होते. त्यांनी महिपतीला स्टुलावर न बसवता खुर्चीत बसवले, तेव्हाच त्याने ओळखले, गोष्ट साधी नाही.

"तुझ्या अंगात रक्त जास्त होतंय," डॉक्टर म्हणाले. "हाडांच्या आत रक्त तयार होतं. तिथं कुणी थांबवणारं राहिलेलं नाही. नुसतं होत सुटलंय. दाट झालंय, म्हणून डोकं जड, म्हणून पाय जळतात. हा रक्ताच्या कॅन्सरचाच एक प्रकार आहे. कर्करोग म्हणतात तो. पण हा सावकाश चालणारा आहे. सुरुवातीला लवकर लवकर आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी रक्त काढून टाकत राहिलो, तर दहा-बारा वर्षं सहज काढशील."

महिपतीला त्यातला एकच शब्द कळला, आणि बाकीचे सगळे लांबून आल्यासारखे ऐकू आले.

"डोळ्यांपुढे कधी अंधारी येते का?" डॉक्टरांनी विचारले. "अगदी क्षणभर. एका डोळ्याला, किंवा दोन्ही?"

दोनदा आली होती. एकदा वाडीत विहिरीवर. एकदा गाडीवर, पण तेव्हा गाडी स्टँडात उभी होती. डाव्या डोळ्यावर कुणी हळूच पडदा ओढावा तसे झाले होते, आणि पाच-दहा श्वासांत पडदा परत सरला होता.

"नाय," महिपती म्हणाला.

डॉक्टरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "असं रक्त कुठल्याही क्षणी मेंदूत गोठू शकतं. तेव्हा गाडी बंद. मी कागदावर तसं लिहितोय. 'हा इसम दारू पीत नाही. यास रक्ताचा विकार आहे. यापुढे याने वाहन चालवू नये.' ने शेठकडे."

त्याच दिवशी त्यांनी त्याच्या दंडातून जाड सुईने अर्धा शेर रक्त काढले. बाटली भरत गेली तशी डोक्यातली घरघर कमी होत गेली. कंपाउंडर ती बाटली मागच्या खड्ड्यात ओतायला निघाला.

"ह्ये कुनाला द्येता येत न्हाय?" महिपतीने विचारले. "पिवळ्या मानसाला?"

"नाही रे. आजारी रक्त आहे ते."

दवाखान्यातून शेठची पेढी दहा मिनिटांवर. महिपतीला तिथे पोचायला दुपार झाली. मधला वेळ तो गांधारी नदीच्या पुलावर बसून होता. पाठीमागून एक ट्रक गेला, त्याचा गिअर चुकीचा पडला होता, ते त्याला न बघताच कळले. आपल्याला दुसरे काय येते? जमीन होती ती दोघा भावांत मिळून डोंगरावरचा तुकडा. गाडीवर बसला की तो कुणीतरी होता. घाटातले प्रत्येक वळण त्याला नावानिशी ठाऊक होते, आणि बाजाराला जाणाऱ्या बाया "आज महिपती हाय न्हवं गाडीवर?" असे विचारून मगच चढत. खिशातला कागद शेठला दाखवला की त्याची अब्रू परत मिळणार होती, आणि गाडी जन्मात मिळणार नव्हती.

तो पेढीवर गेला. शेठने मान वर केली.

"आणलास कागद?"

"नाय शेठ." महिपतीने टोपी काढून हातात धरली. "डाक्तराकडं गेलोच नाय. घेतो मी. चूक झाली."

शेठने मोठा सुस्कारा टाकला. त्यात राग कमी आणि सुटल्याचा आनंद जास्त होता. "मला ठाऊक होतं. बरं झालं तोंडाने बोललास. महिना घरी बस."

बाहेर पडल्यावर कुशाबाने त्याला स्टँडात गाठले. कुशाबा नात्याचा, तोंडाचा फटकळ.

"तू शेठला काय सांगून आलास रं? सकाळधरनं सांजपत्तुर मी तुझ्यासंगं असतो. मला एकदाबी वास आला नाय. खोटं कशापायी बोललास?"

"तुला काय करायचाय?"

"मला काय करायचाय? आठ वर्सं लोकांशी तुझ्यासाठी भांडलो, त्यो काय येडा व्हतो?"

महिपती पोलादपूरच्या गाडीत जाऊन बसला.

बातमी त्याच्या आधी वाडीत पोचली होती. बनुबाई अंगणात वाल सोलत बसली होती. तिने वर पाहिले नाही.

"खरं काय?"

"व्हय."

"आठवड्यातनं एक दिस घरी येता. बाकीचं सा दिस तुमी काय करता, ते मी कदी इचारलं नाय. शबूद व्हता म्हनून." तिचे हात थांबले नाहीत. "तुमच्या बापाचं मी केलं. तुमचं माझ्यानं व्हनार नाय. आदीच सांगते."

चार दिवसांनी तिचा भाऊ सदू आला. ओटीवर बसून तासभर बोलला. बापाचे रक्त पोरात उतरते म्हणाला, बहिणीला माहेरी न्यायचे म्हणाला. बनुबाई दाराआड मान खाली घालून उभी होती. महिपती समोरच्या फणसाकडे बघत ऐकत राहिला. कागद त्याच्या बंडीच्या आतल्या खिशात होता. हात घालून काढायचा, एवढेच काम होते. पण तो बाहेर आला की शेठपर्यंत जाणार, आणि मग महिना भरला तरी काही उपयोग नाही. त्याने हात मांडीवरच ठेवला. सदू जाताना त्याच्या घरचे पाणीही न घेता गेला. बनुबाई मात्र माहेरी गेली नाही. ती राहिली, दोन वेळा भाकरी वाढत राहिली, आणि महिनाभर त्याच्याशी कामापुरतेही धड बोलली नाही.

त्या महिन्यात तो महाडला शेठच्या कामाचे निमित्त सांगून आणखी दोनदा जाऊन रक्त काढून आला. डॉक्टरांना वाटत होते, याने गाडी सोडली. रक्त गेले तसे डोके हलके झाले, पायांची आग निवली, तोंडावरची लालीही उतरली. लोक म्हणाले, बघा, सोडल्याबरोबर कसा माणसात आला. महिपतीला स्वतःलाही वाटू लागले, की डॉक्टर उगाच भिववतात. रक्त काढत राहायचे आणि गाडी चालवत राहायची. कुणाला कळायचे आहे?

माघात तो परत गाडीवर बसला. स्टिअरिंगवर हात ठेवले तेव्हा त्याला रडू फुटेल असे वाटले. कुशाबाने घंटीची दोरी ओढली, पण "चल" म्हटले नाही.

बारा दिवस सगळे सुरळीत गेले.

तेराव्या दिवशी गाडी पोलादपूरहून घाट चढत होती. बत्तीस माणसे होती. ऊन स्वच्छ होते. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हत कण्हत वर निघाली होती, आणि एका लांब वळणाच्या तोंडाशी डाव्या डोळ्यावर तो पडदा आला. महिपतीने मान झटकली. पडदा सरला नाही. उलट उजव्या बाजूनेही दुसरा येऊ लागला, आणि रस्ता, काच, स्वतःचे हात, सगळे त्यात बुडाले.

मागे एक बाई मुलाला काहीतरी सांगून हसवत होती. तिचा आवाज तसाच चालू होता.

त्याला आठवले, डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी. वळण डाव्या हाताचे. कठड्याचे दगड गेल्या पावसात वाहून गेलेत. अजून वळणाला लागलो नाही. लागायच्या आधी. त्याने पाय उचलला, आणि स्टिअरिंग डावीकडे, डोंगराकडे, इतके हळू फिरवले की हाताखालची एकेक तसू त्याला मोजता आली. पुढचे चाक गटारात उतरले. पत्रा दगडाला घासत करकरला. त्याने ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला आणि गाडी गिअरमध्येच बंद केली.

"कुशाबा," त्याने हाक मारली. "मागल्या चाकांना दगूड लाव. बिगी."

कुशाबाने दगड लावले आणि तो ड्रायव्हरच्या दाराशी आला. महिपती समोर बघत होता, आणि डोळ्यांची पापणी लवत नव्हती.

"महिपती? काय झाला रं?"

"दिसत नाय."

कुशाबाने बाहेरून त्याचा हात धरला. मग हळूहळू काचेवरची धूळ दिसू लागली, तिच्यापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे वळण, आणि वळणापलीकडे नुसते निळे. महिपती त्या निळ्याकडे पाहत राहिला.

"आता दिसतंय?"

"दिसतंय."

"मग चल. आस्ते आस्ते ने. कुनाला कळलं नाय." कुशाबाने आवाज खाली आणला. "म्हैनाभर काढलास रं घरी. पुन्यांदा गेलास तर शेठ ठेवनार नाय."

महिपतीने चावी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"मी न्येनार नाय. खालच्या गाडीसंगं निरोप धाड. सयाजीला बोलीव."

प्रवासी खाली उतरले. पत्रा पाहिला, चाक पाहिले, आणि बोलायचे ते बोलले. एकजण त्याच्या तोंडाजवळ येऊन नाक फेंदारून गेला. महिपती दरडीला टेकून बसून राहिला. सयाजी यायला तीन तास लागले. तोवर महिपती त्या बत्तीस माणसांकडे एकेक करून पाहत होता. त्यातल्या हसवणाऱ्या बाईचे मूल आता झोपले होते.

संध्याकाळी त्याने शेठपुढे कागद ठेवला. घामाने मऊ पडून तो घड्यांवर फाटायला आला होता. शेठने दोनदा वाचला.

"दीड महिना हा खिशात घेऊन फिरलास?"

"व्हय."

"अरे, पण का?"

"दारू सोडली की गाडी परत मिळंल, तुमीच म्हनालात शेठ. ह्ये सोडायची सोय नाय."

शेठ उठून उभा राहिला. "बत्तीस माणसं होती महिपती!"

"व्हय. मोजली मी."

शेठ फेऱ्या घालू लागला. मग म्हणाला, "मी सगळ्यांना सांगतो. तू पीत नव्हतास म्हणून. स्टँडात लिहून लावतो."

"नगा सांगू." महिपती उठला. "कॅन्सर म्हटलात तर लोक पानीबी लांबनं वाडतील. दारुड्याला निदान शेजारी बसू द्येत्यात. मी बनुला सांगेन, तेवढं पुरं."

बनुबाई भाताच्या राबासाठी, जमीन भाजायला तोडलेल्या फांद्यांचा भारा घेऊन शेतातून येत होती. बांधावर त्याने तिला थांबवले, भारा उतरवून घेतला, आणि उभ्या उभ्याच सगळे सांगितले. आजाराचे नाव सांगितले, दहा-बारा वर्षांचे सांगितले, घाटातले सांगितले. ती ऐकत होती. त्याचे संपल्यावर तिने पहिल्यांदा जे विचारले ते आजाराचे नव्हते.

"म्हंजी तुमी घेत नव्हता?"

"नाय."

"येकदाबी?"

"येकदाबी नाय गो."

ती बांधावर बसली. तिने पदर तोंडाशी धरला.

"सदादादा ओटीवर बसून बोलला. मी आईकलं. मान खाली घालून आईकलं." तिने पदर काढला. "आन तुमी फनसाकडं बघत बसला व्हता. तुमच्या खिशात कागुद व्हता."

"व्हय."

"गाडी माझ्यापरीस मोटी झाली."

ती उठली. तो भाऱ्याकडे वाकला तसा तिने त्याचा हात बाजूला केला आणि भारा स्वतःच डोक्यावर घेतला. घराच्या वाटेवर ती पुढे होती. वळून न बघता तिने विचारले, "पुन्यांदा कंदी जायाचाय डाक्तराकडं?"

"अमावश्येच्या दुसऱ्या दिसी."

"मी येनार."

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी दोघे सकाळच्या गाडीने महाडला जातात. बनुबाई दवाखान्यात बाटली भरेपर्यंत शेजारी उभी राहते. तिने डॉक्टरांना पहिल्याच खेपेला सगळे खोदून विचारून घेतले, आणि आता महिपतीपेक्षा तिलाच ते जास्त कळते. सदू एकदा येऊन गेला. त्याला तिने काय सांगितले कोण जाणे, पण जाताना तो पाणी पिऊन गेला.

पोलादपूरला गाडीत चढताना कुशाबा त्यांना पुढची जागा देऊ करतो. महिपती ती कधी घेत नाही. मधल्या बाकावर, खिडकीशी बसतो. गाडीवर सयाजी असतो. चांगला चालवतो, फक्त वळणावर गिअर जरा उशिरा बदलतो. महिपती बाहेर बघत राहतो. पण वळण जवळ आले की त्याचा उजवा पाय आपोआप पुढे सरकतो आणि बाकाखालच्या फळीवर घट्ट दाबला जातो. वळण गेले की सैल पडतो. पुढच्या वळणाला पुन्हा.

पहिल्या खेपेलाच बनुबाईच्या ते ध्यानात आले होते. पायाशी ठेवलेली आपली पिशवी तिने उचलून मांडीवर घेतली, आणि त्याच्या पायाला जागा करून दिली.